पावसाळ्यात ब्लोअर कसा जपावा?

वनमजूर, यावल: सातपुड्यात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. पुढे आठ महिने सामान खोलीत पडून. यंदा वणवा लागला तेव्हा पाचोळा उडवून आग अडवायच्या ब्लोअरची, म्हणजे पेट्रोलवरच्या हवा फेकणाऱ्या यंत्राची, दोरी तीसदा ओढली, सुरूच होईना. समोर सागाचा पाचोळा पेटलेला, हातात नुसत्या निरगुडीच्या फांद्या. काय चुकतंय भाऊ?

गॅरेजवाला, धुळे: टाकीत पेट्रोल तसंच राहिलं असणार. कार्बोरेटरमध्ये ते चिकट होतं. जूनमध्ये टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. दिवाळीनंतर ताजं पेट्रोल-ऑइल घालून एकदा चालवून बघाच.

एक जण, शहादा: आमच्या झोडपण्यांचं (आग झोडपून विझवायच्या काठ्यांचं) रबर उंदरांनी कुरतडलं. आता तारेवर टांगतो.

वनमजूर, यावल: आजच टाकी उघडली दादा. तळाला पिवळट, गुळाच्या पाकासारखा थर!