सहलीला येतो म्हणालात आणि ऐनवेळी नाव काढून घेतलंत. खरं कारण इथे लिहा

आमच्या निवृत्त एसटी कामगारांच्या मंडळाची सहल यंदा साताऱ्याहून गणपतीपुळ्याला ठरली. बेचाळीस नावं आली आणि शेवटच्या आठवड्यात अकरा गळाली. कुणाचा गुडघा, कुणाची नात, कुणाचं पारायण. खरं काय ते टपरीवर एकाने सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून: "कुंभार्ली घाटात गाडी थांबवा म्हणून कुणाला सांगू?" गेटसभेत ज्याला माईक लागत नसे, तो माणूस हे कुजबुजत होता. म्हणून हा धागा. प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, ती वाढली की लघवी अडते), रात्रीचं उठणं, तपासण्या, प्रवास, जे घडलं ते लिहा. नावं नकोत. गोळ्यांचे डोसही नकोत, ते आपापल्या डॉक्टरांना विचारायचे.

निवृत्त चालक, कराड
गळालेल्या अकरांतला मी एक. स्टिअरिंगवर एकतीस वर्षं गेली, धरून ठेवायची सवय अंगवळणी पडलेली. त्रेसष्टाव्या वर्षी रात्रीत पाच वेळा उठू लागलो तेव्हा वाटलं शुगर असेल. धार बारीक, झाल्यावरही उरल्यासारखं. वय झालं म्हणून सोडून दिलं. पुतणीच्या हळदीला सर्दी झाली होती, दुकानातून गोळी आणून घेतली. रात्री लघवी बंद. थेंबसुद्धा नाही. ओटीपोट नगाऱ्यासारखं ताठ, घाम फुटलेला, आणि मंडपात डीजे चालू. पहाटे दोनला दवाखान्यात नळी घातली तेव्हा पिशवीत लिटरभर जमलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "सर्दीची गोळी घेतली होती का?" काही गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळले जातात, काहींनी मूत्राशयाचा जोर कमी होतो. प्रोस्टेट वाढून आधीच वाट अरुंद, त्यात हे. आता मेडिकलवाल्याला आधी प्रोस्टेटचं सांगतो, मग खोकल्याचं.

टॅमसुलोसिन, म्हणजे लघवीची वाट सैल करणारी गोळी, सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात सकाळी ताडकन उठलो आणि मोरीपाशी डोळ्यांपुढे अंधारी. उभं राहताना बीपी उतरतं म्हणे. आता मिनिटभर पलंगाच्या काठावर बसतो.

गिरणी कामगार, लालबाग
१९८२ च्या संपात होतो, तेव्हा बाविशीत. गेल्या वर्षी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा, ६.८ आला. मुलाने मोबाईलवर वाचून रात्रीतून मला कॅन्सर करून टाकला. बायकोने देव पाण्यात ठेवले. साधारण ४ च्या वर गेला की डॉक्टर बारकाईने बघतात, पण प्रोस्टेट कॅन्सरशिवाय नुसती वाढली तरी हा आकडा चढतो, लघवीत जंतू असले तरी चढतो. माझ्या लघवीत जंतू निघाले. औषधं झाली, दोन महिन्यांनी ३.१. पण आमच्याच चाळीतल्या एकाचा उतरला नाही. एमआरआय, मग तुकडा काढून तपासणी, आणि कॅन्सर निघाला. लवकर सापडला, उपचार चालू आहेत, गुरुवारच्या भजनाला पेटी तोच वाजवतो. आकडा बघून घाबरू नका, आणि तो फाईलमध्ये दाबूनही ठेवू नका.

एका वाहकाची बायको, वाई
पुरुषांच्या धाग्यात शिरते, माफ करा. आमचे हे सहलीच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद करतात. मग लघवी गडद, जळजळ, बद्धकोष्ठ, त्याने आणखी अडतं. त्यावर चहा मात्र दर थांब्याला. डॉक्टरांनी उलटं सांगितलं: पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, झोपायच्या आधीचे दोन-तीन तास कमी करा, चहा आवरा. आणि एक सांगू? आम्ही बायका जन्मभर संडास कुठे आहे ते बघूनच घराबाहेर पडलो. तुम्हाला ते साठीनंतर कळलं.

निवृत्त मेकॅनिक, सांगली
प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. बाहेरून टाका नाही. काही दिवस लघवी लालसर, नंतर धार अशी की शाळेतले दिवस आठवले. एक गोष्ट मात्र मी आधी विचारली नव्हती: नंतर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. बहुतेकांना असं होतं, धोका नसतो. तरी नवराबायकोने आधी माहीत करून घ्यावं.

वय ७७, फलटण
मोतीबिंदू काढायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनचं सांगा. पूर्वी घेऊन बंद केलं असेल तरी सांगा. बुबुळ सैल पडतं, त्यांना तयारीत राहावं लागतं. बाकी २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, म्हणून मी लांबची थेट गाडी पकडतच नाही. दीड-दोन तासांचे टप्पे, दर स्टँडवर उतरायचं. तिकिटाचं नुकसान नाही.

धागा काढणारा, सातारा
वाचून गाडीचा आराखडा बदलला. उंब्रज, पाटण, कोयनानगर, घाट उतरून चिपळूण. लागली असो वा नसो, सगळ्यांनी उतरायचं, म्हणजे कुणी एकटा पडत नाही. कराडच्या चालकमामांना दाराजवळची सीट. अकरातले नऊ जण आले. डोकी मोजून डबल बेल द्यायचं काम एका जुन्या वाहकाकडे.

कोयनानगरला त्याने तीनदा मोजलं, एक कमीच. नावं पुकारली, वाईच्या वहिनींनी हॉर्न वाजवायला लावला. ढाब्यामागच्या शेवग्यापाशी उभा होतो तो मी. दुसऱ्यांदा. परवा सोनोग्राफी आहे, लघवीनंतर आत किती उरते ते बघणार आहेत.