सल्ला हवा: कंदील आणि माळा लावायला कोणती शिडी घ्यावी? (आणि बाबांना खाली कसं ठेवावं?)

कृष्णाकाठ
वसुबारसेला अजून पंधरा दिवस आहेत, म्हणून आत्ताच विचारतेय. आईबाबा साताऱ्यात असतात. एकमजली घर, वर गच्ची. कंदिलाचा हूक गच्चीच्या सज्ज्याला आहे, अंगणापासून साधारण सोळा फुटांवर. पोर्चच्या कडेने एक माळ असते, ती दहा फुटांवर. दुसरी कठड्यावरून खाली सोडतो, तिचा प्रश्न नाही.

हे सगळं बाबा एकट्याने करतात. वय ७२. अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाल्यामुळे "मला शिकवू नका" हे वाक्य जिभेवर तयार असतं. घरात एक बांबूची शिडी आहे, माझ्या लग्नाच्या मांडवापासूनची. मागच्या वर्षी ती फरशीवरून सरकली आणि बाबांची नडगी सोलवटली. आम्हाला हे कळलं भाऊबीजेला, तेही शेजारच्या काकूंकडून. आईला गप्प राहायचा दम होता.

चांगली शिडी घेऊन द्यावी असं मनात आहे. ॲल्युमिनियमची घ्यावी की आणखी कसली? आणि घडीची, की भिंतीला टेकवायची? "वायरमनला बोलवा" असं सांगणाऱ्यांनी दिवाळीच्या आठवड्यात वायरमन मिळवून दाखवावा.

टेस्टर
मीच तो न मिळणारा वायरमन. बावीस वर्षं झाली या धंद्यात.

ताई, शिडीआधी विजेचं बघा. बायका-पोरं विचारतात, माळेचा झटका एवढा मोठा असतो का? बहुतेक वेळा नसतो. पण जमिनीवर ज्या झटक्याने माणूस नुसती शिवी देतो, त्याच झटक्याने दहा फुटांवर हात सुटतो. आणि ॲल्युमिनियमच्या शिडीतून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या कामाला ती आम्ही लावत नाही. फायबरची पिवळी-केशरी शिडी असते, ती घेतो. ती महाग आणि जड असते, घरी वर्षातून दोनदा लागणार असेल तर आग्रह नाही. पण मग ॲल्युमिनियमवर चढायचं ते माळेची पिन बाहेर काढूनच.

बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजच्या, म्हणजे जिवंत तारेऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं कित्येकदा सापडतं. बटण बंद असतं आणि होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. म्हणून पिनच उपसायची.

माळ आधी जमिनीवर पसरून, लावून, हलवून बघा. चालते की नाही हे वर चढल्यावर तपासणारे लोक मी रोज बघतो, "अगं लाव गं जरा बटण" असं ओरडत. बारीक दिव्यांच्या स्वस्त माळा थेट २३० व्होल्टवर असतात, आणि तार केसाएवढी. सोलवटली की संपलं. बाहेरच्या बाजूला ॲडॅप्टरवाली, कमी व्होल्टची माळ बरी. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लाइट तोडणारं यंत्र) आहे का तेही बघा. त्यावर टेस्टचं बटण असतं. ते दाबल्यावर घरातली लाइट गेली नाही, तर ते नुसतं शोभेला बसवलंय.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत दिवाळीच्या माळा लावल्या की त्या नाताळ होईपर्यंत काढायच्या नसतात, शेजारी खूश आणि आपणही. त्यामुळे शिडीवर दरवर्षी चढतो. इथे प्रत्येक शिडीवर सूचनांचं एवढं मोठं स्टिकर असतं, मी ते पहिली चार वर्षं वाचलंच नव्हतं.

त्यातली कामाची गोष्ट एकच सांगतो. टेकवायच्या शिडीचा चारास एक हिशोब. शिडी भिंतीला जिथे टेकते ती उंची सोळा फूट असेल, तर तिचे पाय भिंतीपासून चार फुटांवर हवेत. त्यापेक्षा बाहेर गेले तर पाय घसरतात, आत आले तर माणूस शिडीसकट मागे येतो. टेप घेऊन बसायची गरज नाही. शिडीच्या पायाला पायाची बोटं टेकवून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. तळवे दांड्यावर आले की कोन बरोबर आहे.

वजनाचा आकडाही बघा. तो माणूस, हत्यारं, माळांचं बोचकं असं सगळं मिळून असतो. माझं वजन सांगत नाही, पण मला पहिली शिडी परत करावी लागली.

पडवीतला_पाट
वरच्या कोनात भर. खाली काय आहे तेही बघा. आमच्याकडे कोकणात पाऊस जाऊन महिना झाला तरी चिऱ्याच्या अंगणात शेवाळ असतं. वरून कोरडं दिसतं, पहाटे दव पडलं की साबण. शिडीच्या पायाचे रबरी बूट झिजलेले असतील तर बदला, ते सुटे मिळतात.

आणि रांगोळी! हसू नका. गेल्या वर्षी आमच्या वहिनींनी अंगणभर ठिपक्यांची रांगोळी काढली आणि दादाने त्यावर शिडी ठेवली. ती भुकटी रबराखाली वाळूच्या दाण्यांसारखी फिरते. आधी कंदील, मग रांगोळी. पणत्यांचं सांडलेलं तेल हा त्याचाच भाऊ.

पन्हळीला शिडी टेकवू नका, पीव्हीसीची पन्हळ वाकते नाहीतर तुटते. आणि कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर माळ पसरायला चढायचा विचार कुणाच्याही डोक्यात असेल तर काढून टाका. सिमेंटचा पत्रा जुना झाला की वरून धडधाकट दिसतो आणि पाय ठेवला की माणूस थेट माजघरात. आम्ही वळचणीच्या वाशाला खालूनच खिळे मारून ठेवलेत, माळ काठीने अडकवतो.

सलाईन
मी अपघात विभागात नर्स आहे. बाबांच्या वयाबद्दल दोन शब्द, कारण शिडी कितीही भारी घेतली तरी वर चढणार तेच.

त्यांना प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा आहे का? उतरताना माणूस खाली बघतो आणि नजर नेमकी वाचायच्या भिंगातून जाते, पायरी धूसर दिसते. बीपीच्या गोळ्या असतील तर मान मागे टाकून, दोन्ही हात वर करून काम करताना गरगरू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही किरकोळ धरायचा नाही, बाहेर टेंगूळ दिसत नसलं तरी दवाखान्यात न्यायचं.

कुणी पडलंच तर लगेच उचलून खुर्चीत बसवू नका. आपल्याकडे चार जण धावत येतात आणि काखेत हात घालून उभं करतात, पाणी पाजतात. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडलेली असेल तर आम्ही मणकाही तपासतो, कारण धक्का वरपर्यंत गेलेला असतो. पडल्या जागी झोपू द्या, १०८ ला फोन करा. विजेचा संशय असेल तर हात लावायच्या आधी मेन स्विच.

चौथा_मजला
शिडीचा धागा आहे, पण फ्लॅटवाल्यांचं कुणी बोललंच नाही. गॅलरीत स्टूल ठेवून त्यावर उभं राहिलं की कमरेचा कठडा गुडघ्याला येतो. तोल गेला तर अडवायला काही नाही. मी हे चौथ्या मजल्यावर सहा वर्षं केलं आणि सातव्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधून नवऱ्याने काढलेला फोटो बघून पोटात गोळा आला.

आता काय करते? गॅलरीत छताला कपडे वाळत घालायचा दोरीवाला हँगर असतोच. पुढची दांडी खाली घेते, माळ गुंडाळते, कंदील बांधते, दोरी ओढते. चार दिवस कपडे आतल्या दांड्यांवर. स्टूल लागतच नाही.

जुना_चाळकरी
चौथा_मजला यांनी मुद्द्याला हात घातला! इथे सगळे शिडी कशी चढायची ते सांगताहेत, मुळात चढायचं कशाला?

गिरगावात आमच्या चाळीचा कंदील चांगला तीन-चार फुटी असायचा, बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा. तो चौकात मधोमध टांगायचा. चढून कुणी लावत नसे. तिसऱ्या मजल्याच्या तुळईला कप्पी होती, दोरी खाली. बल्ब गेला, कागद फाटला, पाऊस आला, की पोरं दोरी सोडून कंदील खाली घ्यायची.

कृष्णाकाठ, सोळा फुटांच्या हुकासाठी तुम्ही शिडी घेऊच नका. तिथे एकदाच कप्पी बसवून घ्या. दिवाळीआधी गल्लीत एका तरी घरी रंगारी असतोच, त्याच्याकडे मोठी शिडीही असते आणि तिच्यावर वावरायची सवयही. चहा आणि वरखर्च दिलात तर अर्ध्या तासात काम होईल. दोरी नायलॉनची घ्या, सुतळी उन्हापावसात कुजते. लांबी उंचीच्या दुप्पट, वर चार-पाच फूट गाठींना आणि खाली खुंटीला गुंडाळायला. कंदिलाचं वजन दोरीवर हवं, वायर नुसती सोबत लोंबू दे. वायरवर टांगलेला कंदील वाऱ्याने फिरून फिरून होल्डरमधली तार तोडतो.

टेस्टर
चाळकरीकाका, आमच्या पोटावर पाय. पण बरोबर आहे. फक्त कप्पी अशा जागी बसवा की कंदील वर जाताना महावितरणच्या सर्व्हिस वायरला (खांबावरून घरात येणाऱ्या तारेला) घासणार नाही. त्या तारेपासून कंदील, दोरी, शिडी सगळंच लांब ठेवा, दहा फूट तरी. प्लॅस्टिकचं वेष्टण दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका, उन्हाने ते तडकलेलं असतं.

कृष्णाकाठ
बापरे, किती छान माहिती! बाबांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. बीपीची गोळीही आहे. आणि ते धोतर नाही, पण लुंगी नेसून चढतात, हे मी वर लिहायचं टाळलं होतं.

कप्पीची कल्पना एकदम पटली. पोर्चच्या माळेसाठी मग काय घेऊ? आणि त्यांना हे सांगायचं कसं? "तुम्ही चढू नका" म्हटलं की ते मुद्दाम चढणार.

एडिसनकर
दहा फुटांसाठी सहा फुटी घोडा, म्हणजे घडीची शिडी पुरते. घोड्यावर सगळ्यात वरची पायरी आणि तिच्या खालची, या दोन्ही उभं राहायला नसतात. त्या सोडून उभं राहिलं तरी साधारण उंचीच्या माणसाचा हात दहा फुटांपर्यंत जातो. चारही पाय टेकलेले आणि मधल्या पट्ट्या खटकन ताणून बसलेल्या पाहिजेत. मिटलेला घोडा भिंतीला टेकवून चढणं हा वेगळाच पराक्रम आहे, माझ्या मेहुण्याने केलाय.

चौथा_मजला
वर उभं राहायला रुंद फळी आणि पुढे पकडायला दांडा असलेली घ्या, पाच पायऱ्यांची. मी पुण्यात बोहरी आळीत हिंडून घेतली, साडेतीन हजारांना पडली. दुकानात उघडून, वर चढून, हलवून बघा. दुकानदार नाराज होतो, होऊ दे. सरकवून लांब होणारी टेलिस्कोपिक घेऊ नका, तिचा प्रत्येक खटका बसलाय की नाही हे बघायला लागतं आणि बंद करताना बोटं सापडतात.

सलाईन
चढणाऱ्याचा एक हात कायम शिडीला. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, एवढं टेकलेलं असावं. म्हणजे माळ हातात घेऊन चढायचं नाही, खांद्याला पिशवी लावायची. आणि बाजूला वाकून "एवढं एकच टोक" करायचं नाही. बेंबी दोन दांड्यांच्या बाहेर गेली की उतरून शिडी सरकवायची. आळसाने वाकलेलेच आमच्याकडे येतात.

जुना_चाळकरी
वडिलांना बंदी घालू नका, काम द्या. वर्कशॉपचा माणूस आहे. बाजारातली कप्पी नेऊन हातात ठेवा आणि विचारा, "ही चालेल का हो?" पुढचं ते बघतील.

कृष्णाकाठ
(आठ दिवसांनी)
काका, तुम्ही आमच्या बाबांना ओळखता का?

कप्पी दाखवली. दोन बोटांत फिरवून म्हणाले, "हिला बुश (आसावरची नळी) नाही, दोन दिवाळ्यांत खाईल." मग जुन्या बाजारातून कुठूनतरी पितळी बुशवाली आणली, तिला पट्टीचा ब्रॅकेट केला, रंग लावला. समोरच्यांकडे काम करणारा रंगारी आज सकाळी आला. बाबा खाली उभे राहून शिडी धरत होते आणि त्याला चारास एकचा हिशोब ऐकवत होते (मी धागा छापून फ्रिजवर लावला होता, त्याची कबुली नाही). कप्पी लागली, कंदील चढला.

आणि दोरी चार फूट कमी पडली. दुप्पट धरली होती, गाठी आणि खुंटी धरली नव्हती. कंदील खाली घेतला की दुसरं टोक वर जातं, खुंटीला गुंडाळायला काही उरत नाही.

जुना_चाळकरी
थांबा! जुनी दोरी कप्पीतून ओढून काढू नका. नवी दोरी तिच्या टोकाला बांधा आणि कंदिलाकडून ओढा, आपोआप कप्पीतून येईल. वर चढावं लागत नाही.

कृष्णाकाठ
उशीर झाला, काका. बाबांनी रागाने ओढून काढली.

आता ते स्वतः नवी दोरी आणायला बाजारात गेलेत. रंगारी चहा पितोय, शिडी भिंतीला तशीच आहे, आणि आई तिच्या सगळ्यात खालच्या पायरीवर चकलीचा सोऱ्या घेऊन बसली आहे. ते आले तरी उठणार नाही म्हणाली.