सिद्धांत शिकायचे कसे: आधी वाद की आधी वचन?

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या नव्या अभ्यासकाला आपण यादी देतो: त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव), देहधारण (देवाचं येशूच्या रूपात माणूस होणं), तारण, मंडळी (चर्च), अंत्यकाळ. प्रत्येकाखाली बायबलमधली चार-सहा वचनं. मला ही पद्धतच चुकीची वाटते. ‘पुत्र (म्हणजे येशू) पित्याशी एकतत्त्व आहे’, म्हणजे दोघांचं सत्त्व एकच, हे ३२५ सालच्या नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेचं म्हणणं पाठ होतं, पण समजत नाही. पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असाही एक काळ होता, हे त्या परिषदेने नाकारलेल्या आरियस या धर्मगुरूचं म्हणणं आधी ऐका. मग ‘एकतत्त्व’ या शब्दाची धार कळते.

प्रतिसाद १ : अजिबात पटलं नाही. ‘शब्द देही झाला’ हे योहानाचं वाक्य ज्याच्या मनात मुरलेलं नाही, त्याच्यासमोर परिषदांची भांडणं मांडलीत तर त्याला फक्त राजकारण दिसेल. सम्राट कॉन्स्टंटाइनने परिषद बोलावली, एवढंच तो लक्षात ठेवेल. आधी वचन.

धागाकर्ता : पण वचनं तर दोन्ही पक्षांकडे होती! ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८) यावर आरियसपंथी बोट ठेवत. ‘मी आणि पिता एक आहोत’ (१०:३०) हेही त्याच शुभवर्तमानात आहे. दोन्ही एकत्र कशी वाचायची, याचं उत्तर म्हणजेच सिद्धांत.

प्रतिसाद २ : तुम्ही दोघंही उपासना विसरलात. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा (मत्तय २८:१९) नायसियाच्या कितीतरी आधीपासून दिला जात होता. पवित्र आत्म्याबद्दल लिहिताना चौथ्या शतकातल्या बिशप बेसिलने मंडळीतल्या स्तुतीच्या शब्दांचाच आधार घेतला. लोक आधी प्रार्थना करत होते, व्याख्या मागून आली.

प्रतिसाद ३ : आणि क्रूसाचं काय? येशूच्या मरणाने तारण नेमकं कसं होतं, याची व्याख्या पहिल्या सात विश्वपरिषदांपैकी (सगळ्या मंडळीसाठीच्या बिशपांच्या परिषदांपैकी) एकीनेही केली नाही. कुणी मृत्यू आणि सैतानावरचा विजय म्हटलं, मध्ययुगीन ईश्वरविज्ञानी अँसेल्मने देवाच्या मानाची भरपाई म्हटलं, त्यानंतरच्या अबेलार्डने माणसाचं मन पालटवणाऱ्या प्रीतीवर भर दिला. परिषदांच्या क्रमाने शिकवायला बसलात, तर विश्वासाच्या गाभ्यालाच धडा उरत नाही.

धागाकर्ता : हा मुद्दा मान्य. क्रूसापाशी माझा क्रम लागू पडत नाही; तिथे खंडणी, यज्ञ, विजय या नव्या करारातल्याच प्रतिमांपासून सुरुवात करावी लागेल. पण विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत घ्या. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर आणि त्याला उत्तर देणारी कॅथलिकांची ट्रेंटची परिषद वगळली, तर लुथरन व कॅथलिकांनी १९९९ साली त्यावर संयुक्त घोषणा का केली, हे विद्यार्थ्याला कसं समजावणार?

प्रतिसाद १ : नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडून. ल्यूथरही तिथूनच निघाला होता.