ग्रीकांच्या वसाहती: माणसं आपणहून गेली की पाठवली गेली?

एमए_पहिलं_वर्ष
नमस्कार मंडळी. प्राचीन ग्रीक वसाहतींवर टिपण लिहायचंय. नोट्समध्ये कारणं म्हणून ‘लोकसंख्यावाढ व व्यापार’ एवढंच आहे आणि परिणाम म्हणून ‘संस्कृतीचा प्रसार’. वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. इ.स.पू. आठव्या ते सहाव्या शतकात स्पेनच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत गावं वसली, म्हणजे केवढ्या माणसांनी घर सोडलं असेल! ती राजीखुशीने निघाली का? आणि इंग्रजांच्या वसाहतींना आणि यांना एकच शब्द वापरणं बरोबर आहे का?

जुना_सर्व्हेअर
पोरी, सगळा भूमध्य समुद्र कवेत घेऊ नकोस. एकच गाव धर, सायरीन. १९८०च्या दशकात मी लिबियात रस्त्याच्या कामावर होतो, मुक्काम अल बैदाला. शहातचे अवशेष तिथून जवळ. तेच सायरीन. शुक्रवारी सुट्टी असायची, की मी तिकडेच.

हे गाव वसवलं थेरा बेटाच्या लोकांनी, इ.स.पू. ६३१च्या सुमारास. थेरा म्हणजे आजचं सँटोरिनी. जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की डेल्फीच्या देवळातल्या अपोलो देवाने ‘लिबियात गाव वसवा’ असा कौल दिला होता, पण कुणी मनावर घेतलं नाही. मग सात वर्षं पाऊस पडला नाही. बेटावरची झाडं वाळली, एकच तगलं. तेव्हा ठरलं, दोन भाऊ असतील तिथे एकाने जायचं, आणि कोण ते सोडतीवर. बॅटस नावाचा पुढारी, पन्नास वल्ह्यांची दोन गलबतं. म्हणजे फार तर दोनेकशे माणसं.

राजीखुशीचं विचारतेस ना? सायरीनला सापडलेल्या शिलालेखात तेव्हाची शपथ दिली आहे. ज्याचं नाव निघालं तो गेला नाही तर देहदंड आणि मालमत्ता जप्त. त्याला लपवणाऱ्या बापाला किंवा भावालाही तीच शिक्षा. शपथ घेताना बायका, पुरुष, मुलं, मुली सगळ्यांनी मेणाच्या बाहुल्या वितळवल्या: शपथ मोडणारा असाच वितळून जावो. सवलत एकच, पाच वर्षांत जम बसला नाही तर परत यायची मुभा. पण हेरोडोटस लिहितो की ती माणसं सुरुवातीलाच माघारी आली, तेव्हा किनाऱ्यावरून त्यांच्यावर मारा झाला आणि उतरूच दिलं नाही.

हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. मी माणदेशातला. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरीही असंच ठरलं: थोरल्याने जमीन सांभाळायची, धाकट्याने बाहेर पडायचं. धाकटा मी. पण मला दिवाळीला एसटी धरून घरी येता येत होतं. सोडतीत नाव निघालेल्या त्या पोरांना आपल्याच गावाने उतरू दिलं नाही.

मग त्यांनी दोन वर्षं लिबियाजवळच्या प्लॅटिया बेटावर काढली, सहा वर्षं लिबियाच्या किनाऱ्यावर अझिरिसला. मग स्थानिक लिबियन लोकच त्यांना वर झऱ्यापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, इथे राहा, इथे आभाळाला भोक आहे. खरं आहे ते. जबल अखदर या तिथल्या डोंगरपठारावर हिवाळ्यात धो धो पाऊस पडतो, माती तांबडी, आणि तो झरा अजून कड्याच्या पोटातून येतो. एप्रिलात ओंजळ भरून तोंडावर पाणी मारलं, तर बोटं गारठली. सात वर्षं कोरड सोसलेल्या माणसाला तिथे काय वाटलं असेल, ते मला नीट कळतं.

शिलालेख_वाचक
काका, फार जिवंत लिहिलंत. दोन गोष्टी जोडतो. तो शिलालेख इ.स.पू. चौथ्या शतकातला आहे. थेराहून नव्याने आलेल्यांना सायरीनचं नागरिकत्व हवं होतं, म्हणून जुनी शपथ दगडावर कोरली. त्यामुळे मूळ मजकूर किती आणि नंतरची भर किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे.

ताई, इंग्रजांचं म्हणाल तर ग्रीक शब्द होता ‘अपोइकिया’, म्हणजे मूळ घरापासून लांब वसलेलं घर. सायरीन थेराला बांधलेलं नव्हतं. राजा सायरीनचा, कायदे सायरीनचे. पण जमीन रिकामी नव्हती. पुढे दुसरा बॅटस या सायरीनच्या राजाच्या काळात डेल्फीच्या कौलावरून ग्रीकांचे लोंढे आले आणि लिबियनांची जमीन गेली. त्यांचा राजा आदिक्रान इजिप्तच्या फॅरोकडे धावला. इ.स.पू. ५७०च्या सुमारास लिबियातल्या इरासा या ठिकाणी इजिप्तचं सैन्य ग्रीकांकडून हरलं. तरी हेरोडोटसच्या काळात सायरीनच्या बायका इसिस देवीखातर गाईचं मांस खात नव्हत्या. म्हणजे चुलीपाशी लिबियाची रीत टिकून होती. प्रसार एकाच बाजूने झाला नाही.

आणि हा परिणाम टिपणात घ्याच. इ.स.पू. ३३०च्या आसपास ग्रीसमध्ये धान्याची टंचाई पडली, तेव्हा सायरीनने दिलेल्या धान्याची यादी दगडावर आहे. एकूण ८,०५,००० मेदिम्नोस. एक मेदिम्नोस साधारण ५२ लिटरचं माप. अथेन्सला १,००,०००, अलेक्झांडरच्या आईला दोन नोंदी मिळून ७२,६००. आणि थेराला १५,०००.

एमए_पहिलं_वर्ष
थेराला! दोघांचेही मनापासून आभार. टिपण सायरीनवरच लिहिते.

जुना_सर्व्हेअर
थेराचं नाव त्या यादीत आहे हे मला आज कळलं. लिबियातून मी थोरल्याला पैसे पाठवायचो, त्यातून आमची विहीर बांधून झाली. इरासाचं मात्र विसरू नकोस, पोरी. लिबियनांनी त्यांना झऱ्याकडे नेताना इरासा मुद्दाम रात्रीच्या अंधारात पार केलं होतं, कारण त्यांच्या मुलखातली सगळ्यात चांगली जागा तीच होती.