यूएसबीवरील नेटवर्क मध्येच तुटते, आणि काही रीबूटनंतर संगणकाला आयपी पत्ताच मिळत नाही

प्रश्न – कोरा_बोर्ड

नमस्कार. एका लहान एआरएम बोर्डावर बिल्डरूटने (लहान उपकरणांसाठी लिनक्सची इमेज बनवणाऱ्या साधनाने) तयार केलेले लिनक्स चालते. बोर्ड उबुंटू असलेल्या संगणकाला एकाच यूएसबी केबलने जोडलेला असून त्याच केबलवरून त्याला वीजही मिळते. बोर्ड सुरू होताना जी-ईथर हे, यूएसबीवर बोर्डाला नेटवर्क कार्डासारखे दाखवणारे, कर्नल मॉड्यूल लोड होते, यूएसबी० या इंटरफेसला १९२.१६८.७.१ हा स्थिर पत्ता दिला जातो आणि बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचातील यूडीएचसीपीडी हा पत्ते वाटणारा (डीएचसीपी) सर्व्हर संगणकाला १९२.१६८.७.२ ते १९२.१६८.७.५ यांपैकी एक पत्ता देतो.

अडचण अशी की ही जोडणी भरवशाची नाही. बोर्डावर मोठी फाइल पाठवत असताना जोडणी अचानक तुटते, काही सेकंदांत आपोआप परत येते, पण तोवर एसएसएचचे सत्र बंद पडलेले असते. अशा वेळी संगणकाच्या कर्नल लॉगमध्ये यूएसबी डिस्कनेक्ट झाल्याची ओळ येते आणि तिच्या आसपास एरर -७१ दिसते. याशिवाय, नवी इमेज टाकलेला बोर्ड सुरुवातीला नीट चालतो, पण काही वेळा रीबूट केल्यानंतर संगणक पत्त्याची वाट पाहत राहतो आणि तो मिळतच नाही. इमेज पुन्हा टाकली की सगळे पूर्ववत होते. केबल बदलली, मधला हब काढला, ऑटोसस्पेंड (शांत यूएसबी जोडणी निजवण्याची सोय) बंद केले, तरी फरक पडलेला नाही. बोर्डाला यूएसबी उपकरण म्हणून वागवणाऱ्या कर्नलमधील गॅजेट ड्रायव्हरमध्येच दोष असावा का, आणि असल्यास तो नेमका कसा शोधावा?

उत्तर – सीरियल_कन्सोल

ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी ही एक अडचण नसून दोन आहेत असे धरून चालावे, कारण आपण दिलेली लक्षणे दोन वेगळ्या थरांतली आहेत. पहिल्या प्रकारात यूएसबीची जोडणीच सुटते. दुसऱ्या प्रकारात यूएसबी शाबूत असते, मात्र तिच्यावरचे नेटवर्क उभे राहत नाही. दोन्हींवर एकच उपाय शोधत राहिल्यास एका बदलाने काय सुधारले आणि काय नाही याचा हिशेबच लागत नाही.

पहिल्या प्रकारासाठी दोन्ही टोकांवर एकाच वेळी पाहणे आवश्यक आहे. संगणकाकडून फक्त 'उपकरण गेले' एवढेच कळते. ते का गेले हे बोर्डालाच ठाऊक असते, आणि नेटवर्क तुटलेले असताना बोर्डाशी बोलण्यासाठी सीरियल पोर्टशिवाय दुसरा मार्ग नसतो. तेव्हा यूएआरटीच्या (बोर्डावरील सीरियल पोर्टच्या) पिनांना सीरियल कन्सोल जोडा आणि जोडणी तुटेल त्या क्षणी तीन गोष्टी नोंदवा. बोर्डाचा अपटाइम (सुरू झाल्यापासूनचा वेळ) शून्यापासून पुन्हा सुरू झाला का? बोर्डाच्या कर्नल लॉगमध्ये त्या वेळी काय आले? आणि सिसएफएसमध्ये (कर्नलची स्थिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys मध्ये) क्लास, त्याखाली यूडीसी (बोर्डाच्या बाजूचा यूएसबी कंट्रोलर), त्याखाली आपल्या कंट्रोलरच्या नावाची जी डिरेक्टरी आहे, तिच्यातील स्टेट या फाइलमध्ये काय दिसते? नीट चालू जोडणीत तिथे 'कॉन्फिगर्ड' असे येते. 'सस्पेंडेड' आले तर शांततेमुळे जोडणी निजवली गेली आहे, आणि 'नॉट अटॅच्ड' आले तर कंट्रोलरच्या मते केबलच सुटली आहे.

अपटाइम शून्य झाला असेल तर नेटवर्कचा विचार सोडून द्यावा, कारण बोर्डच रीसेट होत आहे. अपटाइम पुढे चालू असून स्टेट 'नॉट अटॅच्ड' होत असेल तर विद्युतपुरवठा आणि सिग्नल तपासावेत. स्टेट सतत 'कॉन्फिगर्ड' राहूनही पिंग थांबत असेल, तरच ड्रायव्हरकडे वळण्यात अर्थ आहे.

एरर -७१ म्हणजे लिनक्समधील ईप्रोटो. अपेक्षित उत्तर तारेवर आले नाही किंवा आले ते बिघडलेले होते, एवढाच तिचा अर्थ. वेळ संपल्याची त्रुटी -११० असते आणि एंडपॉइंट (यूएसबीवरील डेटाची एक वाहिनी) स्टॉल झाल्याची, म्हणजे अडल्याची, -३२. गॅजेट ड्रायव्हर कोसळला तरी -७१ दिसू शकते हे खरे, पण फाइल पाठवतानाच ती दिसत असेल तर मी आधी व्होल्टेज पाहीन. यूएसबी २.० च्या पोर्टवरून कॉन्फिगर झालेल्या उपकरणाला ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो. प्रोसेसरवर पूर्ण ताण आणि फ्लॅशवर लेखन अशी वेळ एकत्र आली की कित्येक बोर्ड क्षणभर त्याहून अधिक मागतात, आणि बारीक तारांच्या केबलमध्ये व्होल्टेज तिथेच पडते.

उत्तर – पॅकेट_मोजणी

दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो, कारण आपल्या प्रश्नातच तिचे उत्तर जवळजवळ दडलेले आहे: इमेज पुन्हा टाकली की सगळे पूर्ववत होते. याचा अर्थ बोर्डाच्या फ्लॅशवर काहीतरी साठत आहे.

जी-ईथरला पत्ते सांगितले नाहीत तर ते प्रत्येक वेळी लोड होताना दोन मॅक पत्ते (नेटवर्क इंटरफेसचे हार्डवेअर पत्ते) यादृच्छिकपणे तयार करते, एक बोर्डाच्या टोकासाठी आणि एक संगणकाच्या टोकासाठी. संगणकाला स्वतःच्या टोकाचा पत्ता बोर्डाकडूनच यूएसबी डिस्क्रिप्टरमधून (उपकरणाने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीतून) मिळतो. म्हणजे बोर्ड रीबूट झाला की यूडीएचसीपीडीच्या दृष्टीने तोच संगणक नवा ग्राहक होऊन समोर उभा राहतो. आपण फक्त चार पत्त्यांचा पल्ला दिला आहे. यूडीएचसीपीडी वाटलेल्या पत्त्यांची यादी एका फाइलमध्ये जपतो, आणि व्यवस्थित शटडाउन होताना ती फाइल लिहितो. नमुना कॉन्फिगरेशनप्रमाणे लीजची (दिलेल्या पत्त्याच्या भाडेपट्ट्याची) मुदत ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस असते. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेल्या बोर्डावर मुदत संपल्याचा हिशेबही सर्व्हरला नीट लावता येत नाही. चार वेगवेगळ्या मॅक पत्त्यांना चार पत्ते देऊन झाले की पाचव्याला देण्यासाठी काही उरत नाही. बोर्डाच्या सिसलॉगमध्ये मोकळा आयपी पत्ता नसल्याची यूडीएचसीपीडीची तक्रार शोधा. ती सापडली तर निदान पक्के झाले असे समजा.

लीजची फाइल टीएमपीएफएसवर (रीबूटला पुसल्या जाणाऱ्या मेमरीतील फाइलप्रणालीवर) ठेवली तर लक्षण जाईल, पण मूळ कारण राहील, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही. मॉड्यूलला डेव्ह-अॅडर आणि होस्ट-अॅडर हे दोन पर्याय देऊन दोन्ही मॅक पत्ते कायमचे ठरवून टाका. मॉड्यूलऐवजी कॉन्फिगएफएसमधून (कर्नलची मांडणी फाइलींतून करण्याच्या सोयीतून) गॅजेट उभारत असाल तर याच नावांच्या फाइली फंक्शनच्या डिरेक्टरीत असतात, मात्र गॅजेट यूडीसीला बांधण्यापूर्वीच त्यांत पत्ते लिहावे लागतात. नंतर लिहिलेले स्वीकारले जात नाहीत. याचा संगणकाच्या बाजूलाही लाभ होतो, कारण नेटवर्क मॅनेजरसारखी साधने जोडणीची प्रोफाइल बऱ्याचदा मॅक पत्त्याशी बांधतात आणि दर वेळी नवा पत्ता आला की आपण काळजीपूर्वक केलेली मांडणी तिला लागूच होत नाही.

ऑटोसस्पेंडबद्दल एवढेच की जोडणी शांत असताना तुटत असेल तरच त्याचा संशय घ्यावा. आपली जोडणी भरधाव चालू असताना तुटते, त्यामुळे ते बंद करून फरक पडला नाही यात नवल नाही.

कोरा_बोर्ड

दोघांचेही मनापासून आभार. यूडीएचसीपीडीची ती तक्रार सिसलॉगमध्ये होती, आणि लीजच्या फाइलमध्ये चार निरनिराळे मॅक पत्ते नोंदलेले होते. दोन्ही टोकांचे पत्ते ठरवून दिल्यापासून कितीही रीबूट केले तरी संगणकाला १९२.१६८.७.२ हाच पत्ता मिळतो.

सीरियल कन्सोलवर असे दिसले की जोडणी तुटताना अपटाइम पुढे चालू राहतो, पण स्टेट 'कॉन्फिगर्ड'वरून 'नॉट अटॅच्ड'वर जाऊन परत येते. मल्टिमीटरवर व्होल्टेज ठीक वाटत होते. ऑसिलोस्कोप लावल्यावर मात्र फाइलचे लेखन सुरू होताच बोर्डाच्या टोकाशी व्होल्टेज क्षणभर ४.५ च्याही खाली जाताना स्पष्ट दिसले. आता बोर्डाला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यायचा विचार आहे. केबलमधील विजेची तार कापून टाकली तर चालेल का? शिवाय, असे दोन बोर्ड एकाच संगणकाला जोडायचे असल्यास ठरवून दिलेल्या मॅक पत्त्यांची अडचण येईल का?

उत्तर – सीरियल_कन्सोल

मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे काही मिलिसेकंदांचे खड्डे त्याच्यावर उमटत नाहीत. यूएसबी २.० च्या मानकानुसार पूर्ण प्रवाह देणाऱ्या पोर्टवर किमान ४.७५ व्होल्ट असावेत. केबलमधील घट त्यानंतरची. आपला प्रोसेसर व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरमागे सुरक्षित असल्यामुळे चालू राहतो, पण यूएसबी कंट्रोलरला व्हीबसचे (केबलमधील ५ व्होल्टच्या तारेचे) व्होल्टेज पडलेले दिसते आणि केबल निघाली असे तो समजतो.

तार सरसकट कापू नका. अनेक कंट्रोलर त्याच तारेवरून संगणक जोडला आहे की नाही हे ओळखतात, आणि ती नसेल तर गॅजेट कधीच 'कॉन्फिगर्ड' होणार नाही. बोर्डाच्या आराखड्यात व्हीबस आणि ५ व्होल्टची मुख्य रेषा एकमेकींना थेट जोडलेल्या आहेत का ते पाहा. जोडलेल्या असतील तर त्या वेगळ्या कराव्यात आणि व्हीबस केवळ ओळखण्यापुरता ठेवावा. हे महत्त्वाचे अशासाठी की बाहेरचा पुरवठा केबलमधून उलट संगणकाच्या पोर्टमध्ये शिरता कामा नये. त्याने पोर्ट कायमचा खराब होऊ शकतो.

उत्तर – पॅकेट_मोजणी

दोन बोर्डांवर एकच इमेज आणि तेच मॅक पत्ते असतील तर संगणकाला एकाच पत्त्याचे दोन इंटरफेस दिसतील आणि नावे व प्रोफाइल यांचा गोंधळ होईल. म्हणून पत्ता इमेजमध्ये लिहून न ठेवता, बूट होताना प्रोसेसरच्या किंवा बोर्डाच्या अनुक्रमांकावरून स्क्रिप्टने तयार करावा. मॅक पत्त्याच्या सहा ऑक्टेटपैकी (आठ बिटांच्या भागांपैकी) पहिला ०२ ठेवा. त्यातील सर्वांत खालचा बिट ० असल्याने पत्ता युनिकास्ट (एकाच इंटरफेससाठीचा) ठरतो आणि त्याच्या वरचा बिट १ असल्याने स्थानिकरीत्या ठरवलेला ठरतो, त्यामुळे कोणत्याही उत्पादकाला दिलेल्या पत्त्याशी तो भिडत नाही. उरलेल्या पाच ऑक्टेटपैकी चार अनुक्रमांकाच्या हॅशमधून (त्यावरून गणिताने काढलेल्या आकड्यातून) घ्या, आणि शेवटचा बोर्डाच्या टोकासाठी ०१ व संगणकाच्या टोकासाठी ०२ ठेवा.

मॅक पत्ते वेगळे केले तरी दोन्ही बोर्ड १९२.१६८.७.१ हाच आयपी पत्ता सांगत असतील तर संगणकाचे राउटिंग टेबल एकालाच निवडेल आणि दुसरा असूनही दिसणार नाही. तेव्हा सबनेटचा तिसरा आकडाही त्याच अनुक्रमांकावरून काढावा, आणि यूडीएचसीपीडीची कॉन्फिगरेशन फाइल त्याच स्क्रिप्टने, सर्व्हर सुरू होण्याआधी लिहावी.