ग्राइंडरला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. अर्थिंगचे काय करावे?

प्रश्न : माझ्या जुन्या, धातूच्या बॉडीच्या ग्राइंडरला हात लावताच बोटांना झिणझिण्या येतात. प्लग तीन पिनांचा आहे, पण एक्स्टेंशन बोर्डाची वायर दोनच तारांची आहे. सॉकेटमधील अर्थ न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला) जोडावा, असे एकाने सुचवले. ते योग्य आहे का?

उत्तर १ : कृपया तसे मुळीच करू नका. न्यूट्रल कुठे तुटला, तर यंत्राची संपूर्ण बॉडी फेजवर येते, म्हणजे तिच्यात वीज उतरते, आणि ती त्या वेळी तुमच्या हातात असते. दुरुस्ती होईपर्यंत ग्राइंडर वापरू नका.

उत्तर २ : बोर्डाला तीन तारांची वायर लावून घ्या. प्लगची अर्थ पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, कारण फेजच्या आधी अर्थ जोडला जायला हवा. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहा.

उत्तर ३ : चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या यंत्रांना दुहेरी इन्सुलेशन असते; त्यांना अर्थिंग लागत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. प्लग उघडला, तेव्हा अर्थची हिरवी तार स्क्रूखालून निसटलेली दिसली. आता बोर्डाच्या वायरसह गळतीही वायरमनकडून तपासून घेतो.