पँट ३४ ची, कंबर ९८ सेंटिमीटर! रिपोर्टवर 'मेटाबॉलिक सिंड्रोम' लिहून आलंय

शिरोली_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. वय ४१. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला सुपरवायझर आहे, तिन्ही शिफ्टा फिरत्या. दरवर्षी कंपनीत मेडिकल होतं, रिपोर्ट लॉकरमध्ये पडतो आणि तिथंच राहतो. यंदा डॉक्टरांनी खाली पेनानं 'मेटाबॉलिक सिंड्रोम' लिहून दोन रेघा ओढल्यात. मागं रांग होती, त्यामुळं "आत्ता गोळी नको, पोट कमी करा, तीन महिन्यांनी दाखवा" एवढ्यावरच आटपलं.

आकडे असे: कंबर ९८ सेंमी, बीपी १३६/८८, उपाशीपोटी शुगर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८ आणि एकूण कोलेस्टेरॉल १९४, म्हणजे ते बरं आहे की. डायबेटिस नाही, बीपीची गोळी नाही. सगळंच 'जरासं वर'. मग हा आजार म्हणायचा की नुसतं नाव?

त्यात माझी पँट ३४ ची. ३४ इंच म्हणजे ८६ सेंमी. मग हे ९८ आलं कुठनं? टेप धरणारं पोरगं नवीन होतं, त्याच्यावर माझा संशय आहे. आणि आदल्या दिवशी रविवार होता. तांबडा-पांढरा झाला, सोबत दोन पेगही झाले. ट्रायग्लिसराइड त्यानंच चढलं असेल काय?

वडील ५२ व्या वर्षी अटॅकनं गेले. शेतात राबणारा सडपातळ माणूस. म्हणून झोप उडालीय, नाहीतर हाही कागद लॉकरातच गेला असता. आठ दिवस झाले, साखर बंद करून चहात गूळ घालतोय.

गंगावेश

भावा, पँट पोटाखाली घालतोस नव्हं? मग ३४ ही बक्कलाची कंबर झाली, तुझी नव्हं. त्या पोराला कशाला बोल लावतोस!

आणि गुळाचं म्हणशील तर आमचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळं गुळाविरुद्ध बोलायला जीभ उचलत नाही. पण शुगरच्या हिशेबात तो साखरेचा सख्खा भाऊच. सहा कप चहा साखरेचा काय न् गुळाचा काय.

सीरम_आणि_सुई

दादा, मी चौदा वर्षं लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. पण असे कागद रोज हातातून जातात.

कंबर बेंबीच्या अंदाजानं नाही, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सहज सोडून मोजायची. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० ही रेघ आहे. बाकी चार: ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली (बायकांत ५०), बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. पाचातले कुठलेही तीन भरले की हे नाव लागतं. तुमचे पाचही भरलेत.

रविवारची शंका बरोबर आहे. दारूनं ट्रायग्लिसराइड नक्की चढतं. दोन-तीन दिवस न पिता, बारा तास उपाशी राहून परत द्या. बीपीही पाच मिनिटं शांत बसून घ्या, जिना चढून आल्या आल्या नको. पण समजा ट्रायग्लिसराइड १४० आलं, तरी चार उरतातच ना?

एलडीएलवर खूश होऊ नका. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी थेट यकृताकडे माल पाठवत राहते. मग यकृत ट्रायग्लिसराइड जास्त सोडतं, एचडीएल घसरतं, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही. आकडे वेगवेगळे दिसले तरी मूळ एकच. १९८८ मध्ये जेरल्ड रेव्हन यांनी हे एकत्र बांधून दाखवलं, 'सिंड्रोम एक्स' म्हणून. यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट धरतात, आणि डायबेटिसचा त्याहून जास्त. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करून घ्या.

वडील सडपातळ होते म्हणता. पुण्याचे डॉ. याज्ञिक यांनी हेच मांडलंय, आपल्या लोकांचं वजन कमी असलं तरी अंगात चरबी जास्त असते. वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला, हे डॉक्टरांना सांगितलं होतं का? ते फार महत्त्वाचं आहे.

दोन_स्टेंटवाला

उद्यमनगरात लेथवर होतो. माझंही पाच वर्षं 'जरासं वर' चाललेलं. ४६ व्या वर्षी एका संध्याकाळी जबडा दुखायला लागला आणि सदरा घामानं भिजला. अटॅक होता तो, पण ॲसिडिटी समजून सोडा प्यायलो, वर स्वतः गाडी मारत दवाखान्यात गेलो. शहाण्यानं १०८ ला फोन करावा.

मटण रविवारी खा, पण तर्री वाटीत ओतून घेऊ नका. मला नडलं ते नाइटला रात्री दोन वाजता खाल्लेलं फरसाण आणि वडे. आता घरनं भाकरी-उसळ नेतो आणि अकराच्या आत खातो. सकाळी रंकाळ्याला चालतो, आठवड्याला दीडशे मिनिटं भरतील असं. पहिल्या तीन महिन्यांत वजन चारच किलो उतरलं, पण पट्ट्याचं भोक दोन घरं आत गेलं.

एक विचारतो, राग मानू नका. मावा (तंबाखू-सुपारीचा) खाता का? तुम्ही ते लिहिलं नाही.

शिरोली_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचे आभार. काल शिंप्याकडनं टेप आणला. ताईंनी सांगितलं तसं बायकोनं मोजलं, ९९ आलं. त्या पोराची माफी. टेप शिफ्टला नेला तर अकरा जणांत ९० च्या आत तिघंच, आणि त्यातला एक माथाडी.

वडिलांचं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही.

मावा खातो. दिवसाला तीन पुड्या, नाइटला चार. कंपनीच्या फॉर्मवर 'व्यसन: नाही' असं मीच लिहून दिलंय. येत्या सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे. सुटल्यावर बाहेरच्या फिजिशियनकडं नंबर लावलाय, तिथं खरं सांगतो. रविवारी काय, ते बायको ठरवणार आहे.